पैसा कामाला की माणसाला? अमेरिकेत व्हिसावर असताना सरकारी संशोधन ग्रँटला अर्ज कसा करायचा

पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीत, म्हणजे पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी, मी सहा आठवडे एनआयएच या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या एफ३२ फेलोशिपचा अर्ज लिहीत बसले होते. डेडलाइनला आठ दिवस उरले असताना ग्रँट्स ऑफिसमधून फोन आला. "तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे ना?" नव्हतं. जे-१ हा तात्पुरता व्हिसा होता. विषय तिथेच संपला. फेलोशिपच्या सूचनेतली ग्रीन कार्डची ओळ मी वाचली होती, पण 'बघू पुढे' म्हणून सोडून दिली होती. माझे मेंटर इथेच जन्मलेले. त्यांना आयुष्यात हा प्रश्न पडलाच नव्हता, त्यामुळे त्यांनीही विचारलं नाही.

आमच्याच मजल्यावरच्या एका मित्राची चूक नेमकी उलटी. "आपण परदेशी, सरकारी पैसा आपल्याला कोण देणार" असं मनाशी ठरवून तो चार वर्षं गप्प बसला. एनआयएचच्या के९९ या पोस्टडॉकसाठीच्या अवॉर्डला नागरिकत्वाची अट नाही हे त्याला कळलं तेव्हा त्याची मुदत टळून दोन महिने झाले होते. माझे सहा आठवडे गेले, त्याची अख्खी संधी गेली. म्हणून हा लेख. यातलं सगळं अमेरिकेतल्या केंद्र सरकारी ग्रँटबद्दल आहे. मी वकील नाही, पण या फॉर्मांत बरीच वर्षं बुडालेली आहे.

१. आधी ओळखा: पैसा कामाला मिळतोय की माणसाला

ही एक गोष्ट कळली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

एनआयएचचं आर०१, आर२१ किंवा एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेची नेहमीची संशोधन ग्रँट कागदोपत्री तुम्हाला मिळतच नाही. अर्जदार असतं विद्यापीठ. पैसा विद्यापीठाच्या खात्यात जातो आणि तुम्ही त्या कामाचे प्रमुख संशोधक, म्हणजे पीआय, असता. सरकार इथे कामाला पैसा देतंय. त्यामुळे पीआय कुठल्या देशाचा, याच्याशी सहसा घेणंदेणं नसतं. तुम्ही प्रकल्प पूर्ण होईपर्यंत देशात कायदेशीर राहू शकाल ना, एवढं बघायची जबाबदारी विद्यापीठावर असते.

फेलोशिप आणि ट्रेनिंग ग्रँटचं तसं नाही. तिथे सरकार माणूस घडवायला पैसे देतं, आणि देशाच्या पैशातून घडवायचा माणूस देशातच राहणारा हवा, असा हिशोब असतो. म्हणून एफ३१, एफ३२, टी३२ या सगळ्यांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एनएसएफच्या जीआरएफपी या विद्यार्थी फेलोशिपलाही तेच.

याला अपवाद आहेत आणि तेच कामाचे आहेत. के९९/आर०० हे माणसासाठीचं अवॉर्ड असूनही व्हिसावाल्यांना खुलं आहे. उलट के०१, के०८, के२३, के२५ ही त्याचीच भावंडं, पण त्यांना ग्रीन कार्ड लागतं. नावातला 'के' बघून अंदाज बांधू नका.

२. स्वतःचं स्टेटस कागदावर लिहून काढा

हसू नका. दहा जणांना विचारा, चार जण व्हिसा आणि स्टेटस यांची गल्लत करतात. पासपोर्टवरचा शिक्का हा देशात शिरण्याचा परवाना. आत आल्यावर तुम्ही कोण आणि कधीपर्यंत, हे आय-९४ हा प्रवेशाच्या नोंदीचा कागद सांगतो. शिक्का संपला पण आय-९४ चालू आहे, तर तुमचं स्टेटस ठीक आहे. परत बाहेर गेलात तर मात्र स्टॅम्पिंगचं बघावं लागेल.

लिहून काढा: सध्याचं स्टेटस, ते संपण्याची तारीख, त्याची कमाल मर्यादा आणि पुढची पायरी. ढोबळ मर्यादा अशा:

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पीएचडी झाल्यावर ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाचा (एसटीईएम) विषय असेल तर आणखी २४. जे-१ रिसर्च स्कॉलर कमाल ५ वर्षं, आणि ते संपल्यावर त्याच प्रकारात परत यायला २४ महिने थांबावं लागतं. एच-१बी साधारण ६ वर्षं. विद्यापीठांना एच-१बीच्या लॉटरीत उतरावं लागत नाही, वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. ओ-१ (असामान्य कर्तृत्वासाठीचा व्हिसा) सुरुवातीला ३ वर्षांपर्यंत, नंतर वर्षावर्षाने वाढतो आणि त्याला वरची मर्यादा नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "माझं आय-१४० (ग्रीन कार्डची पहिली पायरी) झालंय" म्हणजे तुम्ही ग्रीन कार्डधारक नाही. आय-४८५ हा ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज भरलाय, हातात ईएडी (काम करायचा परवाना) आहे, तरीही नाही. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-१बीवर मिळालेलं एच-४ ईएडी तर त्याहून लांब. ग्रँटच्या भाषेत हे सगळे 'टेम्पररी' या एकाच खान्यात बसतात. आणि भारतात जन्मलेल्यांची रांग ही काय चीज आहे हे सांगायला नको: २०२५च्या मध्यात नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या ईबी-२ गटात भारतासाठी १ जानेवारी २०१३ ही तारीख चालू होती, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर येत होता. तेव्हा "अवॉर्ड येईपर्यंत कार्ड येईल" हा बेत ईबी-२वाल्यांनी करूच नये. ईबी-१ची रांग लहान आहे, पण रांग तिथेही आहे. जोडीदाराचा जन्म भारताबाहेर झाला असेल तर त्याच्या जन्मदेशाची रांग धरता येते. कित्येकांना हे ठाऊकच नसतं.

३. सूचनेतला पात्रतेचा भाग वाचायची रीत

एनआयएचच्या सूचनेत तिसरा विभाग, एनएसएफच्या सूचनेत चौथा. बाकी सगळं नंतर, आधी हाच.

इथे एक मस्त सापळा आहे. एनआयएचच्या अनेक सूचनांमध्ये ठळक लिहिलेलं असतं की 'परदेशी संस्था अर्ज करू शकत नाहीत'. घाईत वाचणारा 'परदेशी' एवढाच शब्द वाचतो आणि पान बंद करतो. ते वाक्य संस्थांबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. तुमची संस्था अमेरिकेतलं विद्यापीठ आहे, म्हणजे ती परदेशी नाही. व्यक्तीची पात्रता त्याच विभागात खाली वेगळी दिलेली असते. एनएसएफमध्येही 'प्रस्ताव कोण पाठवू शकतं' आणि 'पीआय कोण होऊ शकतं' हे दोन वेगळे परिच्छेद असतात.

दुसरं, अट कोणत्या दिवशी पूर्ण व्हायला हवी ते शोधा. एनआयएचच्या के०१सारख्या अवॉर्डला अर्जाच्या दिवशी ग्रीन कार्ड नसलं तरी चालतं, अवॉर्ड देण्याच्या वेळेपर्यंत हवं. जीआरएफपीला ते अर्जाच्या डेडलाइनलाच हवं. या एका शब्दाने वर्ष वाचतं किंवा जातं.

'सिटिझन ऑर नॉन-सिटिझन नॅशनल' वाचून काही जणांच्या आशा पल्लवित होतात. ते प्रामुख्याने अमेरिकन सामोआमध्ये जन्मलेल्यांसाठी आहे. आपण त्यात नाही.

सूचना बदलत असतात. मित्राने दोन वर्षांपूर्वी पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. हा लेखही त्यातच धरा.

४. काय उघडं, काय बंद

व्हिसावर असताना उघडं: आर०१, आर२१, आर०३ (विद्यापीठ तुम्हाला पीआय होऊ देत असेल तर), के९९/आर००, एनएसएफच्या साध्या संशोधन ग्रँट, एनएसएफ करिअर. करिअरसाठी टेन्युअर (कायम नोकरी) न मिळालेलं असिस्टंट प्रोफेसरचं पद लागतं आणि आयुष्यात तीनच प्रयत्न असतात. डेडलाइन जुलैचा चौथा बुधवार. खगोलशास्त्रवाल्यांसाठी नासाची हबल फेलोशिप कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे.

बंद: एफ३१, एफ३२, टी३२, बहुतेक के अवॉर्ड, जीआरएफपी, एनएसएफच्या बहुतेक पोस्टडॉक फेलोशिप, आणि नौदल व हवाई दलाचे यंग इन्व्हेस्टिगेटर प्रोग्राम. संरक्षण खात्याच्या एनडीएसईजी फेलोशिपला तर ग्रीन कार्डही पुरत नाही.

स्वतः अर्ज करता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या सरकारी ग्रँटवर तुम्ही काम करू शकत नाही असा मात्र याचा अर्थ नाही. तुमच्या प्रोफेसरांच्या एनएसएफ ग्रँटमधून तुम्हाला रिसर्च असिस्टंट म्हणून पगार मिळतो तो पूर्ण कायदेशीर. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या आरईयू विद्यावेतनाला मात्र नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं.

आणि एकदा शांतपणे ऐका: सरकारी ग्रँट घेतल्याने 'पब्लिक चार्ज' (सरकारवर बोजा) हा ठपका लागत नाही. ते गरिबांसाठीच्या सरकारी मदतीबद्दल असतं. तुमचा पगार हा पगार आहे. ही अफवा मी दर दिवाळीच्या जेवणात ऐकते. खरं तर उलटच आहे, स्वतःच्या नावाची ग्रँट पुढे ग्रीन कार्डच्या ईबी-१ किंवा एनआयडब्ल्यू (राष्ट्रहितासाठी नोकरीची अट माफ होणारा प्रकार) फायलीत चांगला पुरावा ठरते.

५. के९९: तीन घड्याळांचं गणित

बहुतेक मराठी पोस्टडॉकसाठी हीच खरी संधी, म्हणून इथे जरा रेंगाळते. के९९चा पहिला टप्पा मेंटरच्या हाताखाली, दोन वर्षांपर्यंत. नंतर असिस्टंट प्रोफेसरची नोकरी मिळाली की आर००ची तीन वर्षांपर्यंत.

पहिलं घड्याळ पोस्टडॉकचं: अर्ज करताना पोस्टडॉकचा अनुभव ४ वर्षांपेक्षा जास्त नको. आणि हा नियम दुसऱ्या प्रयत्नालाही लागू आहे. भारतात पीएचडीनंतर केलेला पोस्टडॉकही मोजला जातो. तिथे पदाचं नाव 'रिसर्च असोसिएट' होतं म्हणून तो सुटत नाही. मूल झालं असेल तर या मुदतीत एक वर्षाची वाढ मागता येते. मागा, संकोच करू नका.

दुसरं घड्याळ व्हिसाचं. तिसरं एनआयएचचं, आणि ते कोणासाठी थांबत नाही: नवे अर्ज १२ फेब्रुवारी, १२ जून, १२ ऑक्टोबर. पुन्हा पाठवायचे अर्ज मार्च, जुलै, नोव्हेंबरच्या १२ तारखेला. अर्जापासून पैसे सुरू व्हायला साधारण नऊ-दहा महिने धरा.

आता तिन्ही एकत्र ठेवा. समजा तुम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये जे-१ वर पोस्टडॉक सुरू केला. जे-१ ऑगस्ट २०२८ला संपणार, के९९ची पात्रता ऑगस्ट २०२७ला. अर्ज जून २०२७ मध्ये केलात, तर सगळं सुरळीत झालं तरी अवॉर्ड एप्रिल २०२८च्या आधी नाही. म्हणजे दोन वर्षांचं अवॉर्ड हातात आणि व्हिसा चार महिन्यांचा. शिवाय पहिल्या फटक्यात मिळालं नाही तर दुसरा प्रयत्न नाही.

तेच फेब्रुवारी २०२६ला अर्ज केलात, तर परीक्षण जून-जुलैत, अवॉर्ड डिसेंबर २०२६च्या सुमारास. नाही मिळालं तर सुधारून पाठवायला नोव्हेंबर २०२६, मार्च २०२७ आणि जुलै २०२७ हे तीन दिवस शिल्लक. म्हणून पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी लिहायला बसा. "अजून पेपर यायचाय" हे कारण मीही दिलं होतं. पेपर आला, पण एक चक्र हातचं गेलं.

जे-१ संपायच्या किमान वर्षभर आधी एच-१बी की ओ-१, हा विषय मेंटरकडे काढा. अमेरिकेत राहूनच स्टेटस बदलण्याचा अर्ज केला असेल तर निकालापर्यंत देश सोडू नका. सोडलात तर स्टेटस बदलण्याची विनंती सोडून दिली असं धरलं जातं. आणि सप्टेंबर २०२५च्या घोषणेने देशाबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लावले, ज्यातून विद्यापीठांना सरसकट सूट दिली नव्हती. त्यामुळे भावाच्या लग्नाचं तिकीट काढण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. घरच्यांना राग येईल, येऊ दे.

६. फॉर्ममधला तो चौकोन

के अवॉर्डच्या पुरवणी फॉर्ममध्ये नागरिकत्वाचा प्रश्न असतो. नागरिक, ग्रीन कार्ड, तात्पुरता व्हिसा, अमेरिकेत राहत नाही, यातलं एक निवडायचं. खाली आणखी एक चौकोन असतो: ग्रीन कार्ड लागणाऱ्या अवॉर्डला अर्ज करताय, सध्या तात्पुरत्या व्हिसावर आहात, पण सुरुवातीच्या तारखेपर्यंत कार्ड मिळेल अशी अपेक्षा आहे, तर इथे खूण करा.

के९९साठी तो चौकोन रिकामा ठेवा, तिथे कार्ड लागतच नाही. के०१साठी खूण करायची असेल तर आय-४८५ भरलेला आणि तुमची तारीख चालू असेल तरच करा. नुसत्या आशेवर खूण केलीत आणि कार्ड आलं नाही, तर चांगले गुण मिळूनही अवॉर्ड सुटतं. मी एकाचं सुटताना पाहिलंय.

७. कोणाला काय विचारायचं

ग्रँट सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, म्हणजे प्रोग्राम ऑफिसरचं नाव सूचनेच्या शेवटी असतं. ई-मेल छोटा ठेवा: तुमचं सध्याचं स्टेटस, पीएचडी झाल्याची तारीख, पोस्टडॉकची सुरुवात, आणि एक सरळ प्रश्न. मागे संशोधनाचा एक पानी सारांश जोडा. ही माणसं बहुधा उत्तर देतात. आपल्याला 'साहेबांना त्रास कशाला' अशी सवय असते, ती इथे नुकसान करते. आलेलं उत्तर जपून ठेवा.

व्हिसाचे प्रश्न मात्र त्यांना विचारू नका. त्यासाठी विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस. त्यांना हे विचारा: अवॉर्ड मिळाल्यावर माझं पद 'कर्मचारी'वरून 'फेलो' होणार का? पगाराऐवजी विद्यावेतन सुरू झालं तर एच-१बीला अडचण येऊ शकते, कारण तो नोकरीवर उभा असतो. जे-१वाल्यांना विद्यापीठ जो डीएस-२०१९ हा कागद देतं, त्यातला पैशाचा स्रोतही बदलावा लागतो.

ग्रँट्स ऑफिसला विचारा की पोस्टडॉकला पीआय होण्याची परवानगी आहे का, आणि अंतर्गत डेडलाइन कधी. ती बहुधा खऱ्या डेडलाइनच्या पाच ते दहा दिवस आधी असते. अर्ज शेवटी तेच पाठवतात, तुम्ही नाही.

८. हाताशी ठेवायचे कागद

पासपोर्ट, आय-९४ची ताजी प्रत, आय-७९७ (एच-१बी किंवा ओ-१ची मंजुरी) किंवा डीएस-२०१९ किंवा एफ-१चा आय-२० (आजवरचे सगळे, जुनेही), ओपीटीवर असाल तर ईएडी, पीएचडी पदवी आणि ती मिळाल्याच्या तारखेचं विद्यापीठाचं पत्र. भारतातली पदवी असेल तर दीक्षान्त समारंभ उशिरा होतो, म्हणून प्रोव्हिजनल सर्टिफिकेट ठेवाच. पोस्टडॉकच्या प्रत्येक पदाचं नेमणूक पत्र.

ऑनलाइन: ईआरए कॉमन्स या एनआयएचच्या संकेतस्थळावरचं खातं (ग्रँट्स ऑफिस उघडून देतं), ऑर्किड हा संशोधकाचा ओळख क्रमांक, साय-एनसीव्ही या संकेतस्थळावर बायोस्केच (छोटा बायोडेटा). के९९ला तीन ते पाच शिफारसपत्रं लागतात आणि ती देणारे स्वतः ईआरए कॉमन्सवर चढवतात. भारतातले गाइड पत्र देणार असतील तर वेळेचा फरक त्यांना लिहून कळवा. इथली संध्याकाळी पाचची डेडलाइन त्यांच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते.

९. जे-१ची दोन वर्षांची भानगड

काही जे-१धारकांना काम संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, नाहीतर एच-१बीही नाही आणि ग्रीन कार्डही नाही. हे दोन मुख्य कारणांनी लागतं: तुमचा विषय मायदेशाच्या 'स्किल्स लिस्ट'मध्ये असणं, किंवा एक्स्चेंजसाठी सरकारी पैसा मिळणं, मग तो अमेरिकेचा असो की भारताचा. डिसेंबर २०२४ मध्ये सुधारलेल्या यादीतून भारत वगळला गेला, त्यामुळे पहिलं कारण आपल्यासाठी संपलं, आधी आलेल्यांसाठीसुद्धा. दुसरं कायम आहे. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आला असाल तर ते तुम्हाला लागू होऊ शकतं. डीएस-२०१९ आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यावरची नोंद बघा. ती नोंद दर वेळी बरोबर असतेच असं नाही, शंका असेल तर परराष्ट्र खात्याकडून अधिकृत मत मागवता येतं. हे के९९ मिळाल्यावर नाही, अर्ज लिहायच्या आधी करा.

१०. भारतातली पदं लपवू नका

गावाकडच्या कॉलेजने 'मानद प्राध्यापक' केलंय, एखाद्या आयआयटीत पाहुणे म्हणून नाव आहे, परदेशातल्या संशोधकांना पाहुणे म्हणून बोलावणाऱ्या भारत सरकारच्या 'वज्र' योजनेत महिनाभर जाऊन आलात. हे सगळं बायोस्केचमध्ये किंवा 'अदर सपोर्ट' (इतर ठिकाणहून मिळणारी मदत) या कागदात लिहायचं. पगार नसला तरी. २०२२च्या चिप्स अँड सायन्स कायद्याने परदेशी टॅलेंट प्रोग्रामवर (दुसऱ्या देशांच्या संशोधक ओढून घेणाऱ्या योजनांवर) जी बंदी आणली तिचा मुख्य रोख चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया या देशांवर आहे, त्यात भारत नाही. म्हणजे भारतातलं पद असणं हा सहसा गुन्हा नाही, न सांगणं हा आहे. मी माझं एक बिनपगारी पद लिहायला विसरले होते. ग्रँट्स ऑफिसने अर्ज पाठवायच्या आदल्या संध्याकाळी माझं नाव गुगल करून ते शोधून काढलं. तुम्हीही स्वतःचं नाव आधी एकदा शोधून बघा, मराठीतूनही.